दुरुस्तीनंतरचे उड्डाण

गेल्या गणेशोत्सवात येथील महाराष्ट्र मंडळाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याचा मान आम्हांस मिळाला. केंद्र सरकारच्या कचेरीत दिवसभर नस्त्यांवर टिप्पणी लिहिणाऱ्या माणसास व्यासपीठ मिळाले म्हणजे त्याच्या अंगात थोडे वारे शिरतेच. त्यातून विषय विमानांचा! मुलुखापासून शेकडो कोस दूर बदलीवर आलेली मराठी मंडळी समोर बसलेली. अशा सभेत मराठी माणसाचा मोठेपणा सांगताना वक्त्याचा हात आखडत नाही, आणि श्रोत्यांचाही टाळ्या वाजविताना आखडत नाही. आम्ही १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान कसे उडविले, ते १,५०० फूट कसे चढले आणि मग खाली कसे आले, हे मोठ्या रंगात येऊन सांगितले. राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी! सभागृह टाळ्यांनी दुमदुमले.

व्याख्यान संपल्यावर आठवी-नववीतला एक मुलगा पुढे आला. "काका," तो म्हणाला, "तळपद्यांचं विमान खाली पडलं असं तुम्ही म्हणालात. मग त्यांनी ते दुरुस्त करून पुन्हा उडवलं का?"

आम्ही म्हणालो, "बाळ, त्या काळी पैशाची फार अडचण होती रे." आजूबाजूच्या चार वडीलधाऱ्यांनी माना डोलविल्या. मुलगाही गप्प बसला. परंतु त्याच्या चेहऱ्यावरून त्याचे समाधान झाले नव्हते हे उघड दिसत होते. खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. त्याने विचारलेला प्रश्न साधा नव्हता. विमानाच्या इतिहासातील मर्माचा प्रश्न तोच होता, हे आम्हांस पुढे वाचन करताना उमगले. विमान एकदा हवेत गेले की नाही, ह्या प्रश्नापेक्षा ते मोडल्यावर पुन्हा बांधून कोणी, कसे आणि काय शिकून उडविले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. हा लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

राईट बंधूंची गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते, म्हणून ती आपणांस ठाऊक आहे असे आपण समजतो. अमेरिकेतील ओहायो प्रांतातले डेटन हे त्यांचे गाव. वडील मिल्टन राईट हे एका ख्रिस्ती पंथाचे बिशप, बहीण कॅथरीन शाळेत लॅटिन शिकविणारी. थोरला विल्बर १८६७ सालचा, धाकटा ऑर्व्हिल १८७१ सालचा. दोघांचे सायकलींचे दुकान होते आणि त्या दुकानाच्या कमाईतूनच त्यांचा हा खटाटोप चालला होता. विमानाचा सांगाडा स्प्रूस आणि अ‍ॅश ह्या लाकडांचा, वर आपल्याकडील मांजरपाटाच्या जातीचे कोरे सुती कापड. एंजिन दुकानातीलच मिस्त्री चार्ल्स टेलर ह्याने घडविलेले. म्हणजे आज ज्यास आपण 'घरी बांधलेले विमान' म्हणू, तेच ते अक्षरशः होते.

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणे उडवून विल्बरची पाळी लागली. विमान रुळावरून सुटले, त्याने नाक जरा जास्तच वर उचलले, आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूवर आपटले. मोडतोड दुरुस्त करून १७ डिसेंबरला ते पुन्हा रुळावर ठेवले गेले. त्या दिवशीची चार उड्डाणे जगप्रसिद्ध आहेत. पहिले १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. शेवटचे ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे. थोड्या वेळाने वाऱ्याच्या झोताने जमिनीवर उभे असलेले ते यंत्र उलथेपालथे केले, आणि ते त्यानंतर कधीच उडाले नाही. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट इतकीच, की जगातले ते विख्यात उड्डाणदेखील दुरुस्तीनंतरचेच उड्डाण होते. शाळेच्या पुस्तकातील धडा येथे संपतो. खरी कथा येथून पुढे सुरू होते.

सरळ रेषेत एक मिनिटभर हवेत राहणे म्हणजे उडणे नव्हे, हे त्या दोघांस पुरते ठाऊक होते. वळता आले पाहिजे, हवे तेवढे राहता आले पाहिजे आणि हवे तेथे सुखरूप उतरता आले पाहिजे. म्हणून १९०४ साली डेटनपासून आठेक मैलांवर असलेल्या हफमन ह्यांच्या कुरणात त्यांनी आपले बस्तान हलविले. टॉरन्स हफमन हे डेटनचे एक बँकर. त्यांनी कुरण फुकट वापरावयास दिले. अट एकच, उड्डाणापूर्वी गाईघोडी बाजूस हाकलावीत. सुमारे ८४ एकरांचे ते कुरण. काठाने विजेच्या ट्रॅमचा मार्ग, मध्ये काटेरी झाडे, खाली उंचवट्यांची ओबडधोबड जमीन. त्या वर्षी दुसरे विमान बांधून त्यांनी शंभरावर उड्डाणे केली. २० सप्टेंबर १९०४ रोजी विल्बरने पहिला पूर्ण फेरा मारला. नोव्हेंबरात पाच मिनिटांवर मजल गेली. परंतु यंत्राची एक खोड जाईना. ते हवेत होडीसारखे वरखाली हिंदकळे. नाकाशी सत्तर पौंडांचे लोखंड बांधून पाहिले, त्याने थोडा उतार पडला इतकेच.

१९०५ साली तिसरे विमान तयार झाले. त्यात एक महत्त्वाचा बदल होता. आधीच्या यंत्रांत पंखांना पीळ देण्याची दोरी आणि मागचे उभे सुकाणू ही एकमेकांस जोडलेली होती. आता सुकाणूस स्वतंत्र दांडी दिली. चालक खालच्या पंखावर पालथा निजे, कमरेच्या हालचालीने पंखांना पीळ देई, एका हाताने पुढचे आडवे सुकाणू आणि दुसऱ्या हाताने मागचे उभे सुकाणू चालवी. २३ जूनला ते प्रथम उडाले. आणि काय आश्चर्य! सर्वांत नवे, सर्वांत सुधारलेले हे यंत्र सर्वांत वाईट निघाले. तीन आठवड्यांत आठ उड्डाणे झाली, त्यांतील एकानेही वीस सेकंदांचा पल्ला गाठला नाही. दोन वर्षांपूर्वीची ५९ सेकंदांची मजलही आता दूर राहिली.

१४ जुलै १९०५ हा त्या दुर्दैवाचा कळस. ऑर्व्हिल चालवीत असता यंत्र पुन्हा हिंदकळू लागले, एकदम नाकावर जमिनीत घुसले, आणि तो वरच्या पंखाच्या मोडलेल्या भागातून बाहेर फेकला गेला. अंग ठेचकाळले, पण हाडे शाबूत राहिली. यंत्राची मात्र दुर्दशा झाली.

ह्या क्षणी काय करावयाचे, ह्यावर पुढचा सारा इतिहास अवलंबून होता. सामान्य माणूस अशा वेळी दोहोंपैकी एक करतो. एकतर नाद सोडतो, नाहीतर मोडलेले जसेच्या तसे जोडून 'पुनश्च हरि ॐ' म्हणतो. नाद सोडणाऱ्यास आपण भित्रा म्हणतो आणि पुनश्च हरि ॐ म्हणणाऱ्यास धीराचा. परंतु ज्या यंत्राने एकदा आपटले, ते जसेच्या तसे जोडले तर पुन्हा तसेच आपटणार, हे त्या धीराच्या माणसाच्या ध्यानी येत नाही. राईट बंधूंनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी आपटण्याचे कारण शोधले आणि त्या कारणावर नेमका इलाज केला.

कारण होते पुढचे आडवे सुकाणू. ते लहान होते आणि पंखांच्या फार जवळ होते. आपण लहानपणी तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ खेळलो आहोत. काठी लांब असेल तर ती सावकाश कलते आणि हात सावरावयास अवधी मिळतो. पेन्सिल तोलू गेल्यास ती कलली असे कळते न कळते तोच पडलेली असते. राईटांचे यंत्र पेन्सिलीसारखे आखूड झाले होते. नाक खाली जाते असे पाहून चालक ते उचली तोवर ते प्रमाणाबाहेर वर गेलेले असे. ते दाबी तोवर खाली. त्यांनी त्या सुकाणूचे क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस फुटांवरून ८३ चौरस फुटांवर नेले, आणि ते पंखांपासून जेमतेम सात-साडेसात फुटांवर होते ते सुमारे पावणेबारा फुटांवर नेऊन बसविले. मागचे सुकाणूही मोठे केले. काठी लांब झाली.

२४ ऑगस्ट रोजी दुरुस्त केलेले विमान पुन्हा रुळावर आले. सहा आठवड्यांपूर्वी ह्याच यंत्रातून एक भाऊ फेकला गेला होता. नवा भाग खरोखर गुण देतो की नवाच घात करतो, हे जमिनीवर उभे राहून कोणास सांगता येत नाही. कागदावरचे गणित जेथे संपते तेथे कोणास तरी त्या लाकडी सांगाड्यावर पालथे निजून हवेत जावेच लागते. आणखी एक गोष्ट. हे दोघे भाऊ एकत्र कधी उडत नसत. दोघांवर एकाच वेळी घाला पडू नये अशी वडिलांची इच्छा होती. पुढे १९१० सालच्या मे महिन्यात, वडिलांच्या परवानगीने, ते दोघे एकदाच एकत्र उडाले, आणि त्याच दिवशी ८१ वर्षांचे वडीलही ऑर्व्हिलबरोबर वर जाऊन आले. तोवर एक वर आणि एक खाली, हाच नियम. खाली राहणाऱ्याच्या हाती घड्याळ असे आणि वहीही असे.

हिंदकळणे थांबले. उड्डाणे लांबत चालली. मोठ्या चुका गेल्या म्हणजे मग लपलेली चूक दिसू लागते, तसे झाले. २८ सप्टेंबरला ऑर्व्हिल कुरणातील एका काटेरी झाडाभोवती वळत असता यंत्र आतल्या बाजूस कलले आणि कललेलेच राहिले. पंखांना कितीही पीळ दिला तरी उठेना. ते घसरत झाडाकडे निघाले. उतरावेच लागणार असे समजून त्याने नाक खाली केले, आणि यंत्र तत्काळ ताळ्यावर आले. झाडाच्या फांद्यांना घासून ते निघून गेले.

ह्या एका निसटत्या क्षणात विमानविद्येतील एक मोठे सत्य हाती आले. तीव्र वळणात पंखांवर भार वाढतो, गती कमी पडते आणि आतल्या पंखाचा हवेवरील आधार सुटतो. तो आधार परत मिळवावयाचा तर गती हवी, आणि गती हवी तर नाक खाली करावयास हवे. जमीन जवळ येत असता माणसाचा सारा जीव नाक वर ओढण्यासाठी तडफडत असतो. आणि तरणोपाय नेमका उलट दिशेस असतो! आजही प्रत्येक नवशिक्या वैमानिकास प्रथम शिकवितात ते हेच. ही खूण पटल्यानंतरच आपले यंत्र व्यवहारात आणण्याजोगे झाले असे त्या भावांस वाटले, आणि तसे त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. १९०३ सालच्या १२ सेकंदांनंतर त्यांस तसे वाटले नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

त्या दिवसांतील आकडे आम्ही येथे मुद्दाम देतो. कारण कधीकधी आकड्यांसारखे काव्य नसते. २६ सप्टेंबरला ११ मैल, १८ मिनिटे ९ सेकंद. २९ सप्टेंबरला १२ मैल. ३ ऑक्टोबरला सव्वापंधरा मैल, २५ मिनिटे ५ सेकंद. ४ ऑक्टोबरला पावणेएकवीस मैल, ३३ मिनिटे १७ सेकंद. आणि ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने त्या कुरणावर घारीसारखे फेरे घालीत ३९ मिनिटे २३ सेकंदांत २४ मैलांहून अधिक अंतर कापले. उड्डाण का थांबले, तेही प्रत्येक आकड्यापुढे नमूद आहे: कोठे बेअरिंग तापले, कोठे इंधन संपले. ५ तारखेचे कारण इंधन संपले हे होते. यंत्रात आता उडण्याआड येणारे काही उरले नव्हते.

ह्या लेखाचे बहुतेक वाचक आमच्याप्रमाणेच सरकारी नोकर असल्यामुळे पुढील प्रकरण त्यांस विशेष जवळचे वाटेल. जानेवारी १९०५ मध्ये राईट बंधूंनी आपल्या मतदारसंघाच्या काँग्रेस सभासदामार्फत युद्धखात्यास पत्र लिहून आपले यंत्र देऊ केले होते. खात्याच्या संबंधित मंडळाकडून ठराविक साच्याचे उत्तर आले: प्रयोगांसाठी आर्थिक साहाय्याची मागणी करणारे अर्ज फार येतात, सरकारास खर्च न लावता यंत्र प्रत्यक्ष चालण्याच्या अवस्थेस आल्यावर पुन्हा लिहावे. राईटांनी साहाय्य मागितलेच नव्हते! ९ ऑक्टोबरला, म्हणजे चोवीस मैलांच्या उड्डाणानंतर चार दिवसांनी, त्यांनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर. त्याच महिन्यात मंडळाने ठरविले, की आडव्या दिशेने उडून चालकास वाहून नेईल असे यंत्र प्रत्यक्ष सिद्ध होईपर्यंत ह्या बाबतीत अटी ठरविण्याची आवश्यकता नाही.

ह्या मंडळास हसणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्या उत्तराचा मसुदा करणाऱ्या अज्ञात कारकुनाविषयी थोडी सहानुभूती वाटते. ह्याच मंडळाने पूर्वी प्राध्यापक लँगली ह्यांस विमानासाठी ५०,००० डॉलर दिले होते, आणि १९०३ सालच्या ऑक्टोबर व डिसेंबर महिन्यांत ते यंत्र दोनदा पोटोमॅक नदीत पडून वर्तमानपत्रांत सरकारची शोभा झाली होती. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. त्या कारकुनाचा दोष एवढाच, की त्याने समोरचे पत्र न वाचता मागची नस्ती वाचली. आम्ही स्वतः असे कधीच केले नाही असे शपथेवर सांगण्यास धजत नाही. पुढे फेब्रुवारी १९०८ मध्ये सैन्यखात्याने २५,००० डॉलरांचा करार केला, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती यंत्रांपुरतीच लागते असे नाही.

दरम्यान दोघांनी १६ ऑक्टोबर १९०५ नंतर अडीच वर्षांहून अधिक काळ एकही उड्डाण केले नाही. बघे जमू लागले होते आणि एकस्वाचा हक्क अजून हाती आलेला नव्हता. तो २२ मे १९०६ रोजी मिळाला. करारात प्रवासी नेण्याची अट होती, म्हणून १९०८ च्या वसंतात त्यांनी तेच १९०५ चे विमान पुन्हा फेरबांधणीस घेतले. आता निजण्याऐवजी बसावयाचे, शेजारी दुसरा माणूस, आणि हाती नव्या धाटणीच्या दांड्या. ६ मे रोजी किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांत ते पुन्हा उडाले. १४ मे रोजी चार्ल्स फर्नास हा मिस्त्री जगातील पहिला विमानप्रवासी ठरला. आणि त्याच दिवशी दुपारी विल्बर एकटा उडत असता त्याने नवी दांडी चुकीच्या दिशेस हलविली, आणि विमान वेगाने वाळूत घुसले. तो थोड्या खरचटण्यावर निभावला.

जगात त्या घटकेस विल्बर राईटइतके उड्डाणाचे ज्ञान दुसऱ्या एखाद्याच माणसास असेल, आणि तो दुसरा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. तरी नव्या दांडीपुढे तो नवशिका ठरला. यंत्रात बदल केला की यंत्र नवे होते, आणि ते नवे झाले की जुना अनुभवही अर्धाच उपयोगी पडतो. ह्याहून कठोर धडा त्याच वर्षी १७ सप्टेंबरला फोर्ट मायर येथे मिळाला. त्या उड्डाणाच्या थोडेच आधी ऑर्व्हिलच्या विमानास अधिक लांबीचे नवे प्रोपेलर बसविले होते. वर गेल्यावर त्यांपैकी एक चिरला, थरथरू लागला, सुकाणूस ताणून धरणारी तार त्याने तोडली आणि यंत्र कोसळले. ऑर्व्हिलची मांडी व बरगड्या मोडल्या. शेजारी बसलेले लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावले. एंजिनाच्या विमानातील अपघाताचे ते जगातील पहिले बळी. इस्पितळात खिळून पडलेल्या ऑर्व्हिलने मोडके भाग आपल्याकडे आणवून तपासले आणि कारण शोधून काढले. पुढच्या वर्षी नवे यंत्र घेऊन तो त्याच मैदानावर परत आला, आणि २७ जुलै १९०९ रोजी प्रवाशासह तासाभराहून अधिक उडाला.

आज घरी बांधलेल्या विमानांसाठी अमेरिकेत जे नियम आहेत, त्यांच्या मुळाशी हाच अनुभव दिसतो. असे विमान प्रथम, साधारणतः २५ किंवा ४० तास, प्रवाशास न घेता, विरळ वस्तीवर उडवून पारखावे लागते. आणि पुढे त्यात मोठा फेरबदल केल्यास निदान पाच तास पुन्हा तीच परीक्षा द्यावी लागते. केलेल्या कामाची नोंद विमानाच्या वहीत करावी लागते. आपल्याकडेही कांदिवलीचे वैमानिक अमोल यादव ह्यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी त्यास २०१७ साली मिळाली. घरी विमान बांधणाऱ्या मराठी माणसाचा शोध घेण्यासाठी दंतकथेत जाण्याची आवश्यकता नाही, असे आम्हांस हे वाचताना वाटले.

आता मूळ प्रश्नाकडे. राईट बंधूंची दिनचर्या आणि टिपणवह्या उपलब्ध आहेत. वाऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र, घड्याळ आणि प्रोपेलरचे फेरे मोजण्याची कळ १९०३ सालीही त्यांच्यापाशी होती. उड्डाणांना क्रमांक आहेत, छायाचित्रे आहेत, साक्षीदार आहेत. परंतु ह्या सर्वांहून आम्हांस विश्वासार्ह वाटतात त्या त्यांच्या अपयशांच्या नोंदी. वीस सेकंदही न टिकलेल्या त्या आठ उड्डाणांची नोंद जो करतो, त्याच्या ३९ मिनिटांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. बढाई मारणारा माणूस १४ जुलै लिहून ठेवीत नाही.

तळपदे ह्यांच्या बाबतीत असे काही आपल्या हाती नाही. ते मुंबईत होऊन गेले, विमानविद्येच्या ध्यासाने त्यांनी खटपट केली, ह्याविषयी आदर असावा. परंतु चौपाटीवरील उड्डाणाची मोजमापांसह केलेली समकालीन नोंद पुढे आलेली नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार पुष्कळदा दिला जातो, तो ग्रंथ १९१८ ते १९२३ ह्या काळात सांगून लिहविलेला असल्याचे, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नसल्याचे, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली दाखवून दिले. १,५०० फुटांचा आकडा आम्ही व्यासपीठावरून ठणकावून सांगितला. तो आकडा कोणी, कशाने मोजला, हे आम्ही स्वतःस विचारलेच नव्हते. जो माणूस कचेरीत प्रवासभत्त्याचे साधे देयकदेखील पावतीवाचून पुढे सरकवीत नाही, त्याने इतिहासाचे एवढे मोठे देयक पावतीवाचून मंजूर केले!

कोणी म्हणेल, परमुलखात राहणाऱ्या माणसांस थोडा अभिमान हवा असतो, त्याला टाचणी कशास लावावी? अभिमान अवश्य असावा. परंतु तो कशाचा असावा, एवढाच प्रश्न आहे. बखरीतील रंगतदार हकीकत बाजूस ठेवून अस्सल कागद शोधण्याचा आग्रह ज्यांनी धरला ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे मराठीच होते. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला आणि पुढील आयुष्य गावोगाव, वाड्यावाड्यांतून दप्तरे धुंडाळण्यात वेचले. कागद नसेल तर थोर पुरुषाविषयीची लाडकी कथाही सोडून द्यावयाची, हा बाणा आपल्या मुलखात रुजलेला आहे. तळपदे-कथेस तो लावणे म्हणजे मराठीपणाशी द्रोह नव्हे. न लावणे हाच द्रोह ठरेल.

१९०५ चे ते विमान आज डेटनच्या कॅरिलॉन पार्कमध्ये जपलेले आहे. १९०८ च्या अपघातानंतर विखुरलेले त्याचे भाग गोळा करून, उरलेले नवे घडवून, ऑर्व्हिलच्या देखरेखीखाली त्याची शेवटची जुळणी सुरू झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी ऑर्व्हिल वारला. काम त्याच्यामागे पुरे झाले आणि १९५० साली ते लोकांसाठी मांडले गेले. दोनदा मोडून तिसऱ्यांदा जुळविलेले ते यंत्र आहे, आणि त्याच्या दुरुस्त्या कोणी लपविलेल्या नाहीत.

येत्या रविवारी मंडळाच्या वाचनालयात तो मुलगा पुस्तक बदलण्यास येईल. त्यास बाजूस घेऊन आम्ही सांगणार आहोत, "बाळ, त्या दिवशी मी तुला जे उत्तर दिलं ते खरं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायचं धैर्यही नव्हतं." मंडळाच्या इतिवृत्तात आमच्या व्याख्यानाचा सारांश नोंदलेला आहे. त्याखाली दुरुस्तीचा शेरा लिहून तारखेसह सही करण्याची परवानगी आम्ही चिटणीसांकडे मागितली आहे. मूळ मजकूर खोडावयाचा नाही. तो तेथे तसाच राहू द्यावा. दुरुस्ती त्याच्या खाली दिसावी.